झिजलेलं आणि मोडलेलं

वहिनीच्या हाताखालून गेलेला नळ परत गळला, असं त्या भागात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. इमारतींच्या टाक्या, तळघरातले पंप, भिंतीत गाडलेले गंजके पाईप, जाम झालेले व्हॉल्व्ह, सगळं ती करायची. आणि करून निघताना हाताने एकदा जोड पुसून, त्याला बोट लावून, बोट कोरडं आहे ना हे घरमालकाला दाखवूनच जिना उतरायची.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा पाना कुठून धरतात हेही तिला ठाऊक नव्हतं. प्लंबर होते ते तिचे सासरे. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, शिलाई मशीनपाशी रमलेला. पाण्यातली कटकट त्याला नको होती. धाकटा एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या खात्यात लागला. मामंजींचे हात थरथरायला लागले तेव्हाची गोष्ट. पाईपच्या टोकाला आटे पाडताना, म्हणजे जोड फिरवून बसावा म्हणून चऱ्या कोरताना, डायचा दांडा त्यांच्या हातून निसटला आणि चहा घेऊन आलेल्या सुनेनं कप खाली ठेवून तो झटकन पकडला.

"धरलाच आहेस तर फिरव," मामंजी म्हणाले.

तिनं फिरवला. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, मग तेलाचा थेंब. त्या दिवशी तिनं पाडलेले आटे वाकडे निघाले. मामंजींनी तो पाईप तिच्यासमोर कापून टाकला आणि नवा पुढे केला. असं बरेच दिवस चाललं. पुढे कधीतरी त्यांनी कापणं बंद केलं, आणि त्यानंतर गिऱ्हाईकं मामंजींऐवजी वहिनीला बोलवायला लागली.

घराच्या खालच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप होतं. रस्त्याकडे उघडणारं शटर, जाड लाकडी टेबलावर घट्ट बसवलेला, पाईप आवळून धरणारा वाइस, भिंतीवर ओळीनं टांगलेली हत्यारं. शटरपाशी स्टुलावर मामंजी बसायचे. फोन ते घ्यायचे, कुणाचं काम आधी करायचं हे ते ठरवायचे आणि वहिनी काम करत असताना न मागितलेले सल्लेही तेच द्यायचे.

त्या दिवशी दुपारी धाकटे दीर पिशवी खांद्यावर टाकून आत शिरले. चेहरा असा, जणू मोठी मोहीम फत्ते करून आलेत.

"वहिनी, डोळे मिटा."

"हात तेलाचे आहेत भाऊजी, डोळे तरी उघडे राहू द्या. काय आहे ते दाखवा पटकन."

दिरांनी टेबलावर एकेक वस्तू मांडली. नवी कोरी पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, पाना. सगळ्यांवर त्याच एका कंपनीचा छाप. वहिनीच्या भिंतीवरही बहुतेक हत्यारं त्याच छापाची होती.

"लॉटरी लागली की काय?"

"लॉटरीच समजा. आयुष्यभराची गॅरंटी! जुनं द्या, नवं घ्या. हत्यारांच्या दुकानात हल्ली काही विचारतच नाहीत. छाप दिसला की झालं."

"मोडलं काय होतं?"

"मोडलं असं काही नाही. पक्कडीचे दाते गुळगुळीत झाले होते. स्क्रू-ड्रायव्हरची टोकं गोल झाली होती."

"म्हणजे झिजली होती."

"तेच ते."

"तेच ते कसं?" वहिनीनं हात चिंधीला पुसले. "ती पक्कड मी बघितली आहे. तुम्ही कारखान्यात लागलात तेव्हापासूनची. तिनं तुमचं सगळं काम केलं, दात पडेपर्यंत केलं. तिच्यात खोट काय होती?"

"अहो, त्यांनीच छापलंय ना, आयुष्यभराची म्हणून!"

"कुणाच्या आयुष्यभराची? तुमच्या की पक्कडीच्या? पक्कडीचं आयुष्य तर पुरं झालं होतं. सुखानं जाऊ द्यायचं होतं बिचारीला."

स्टुलावर मामंजी खुदकन हसले. दिरांना ते आवडलं नाही.

"बाबा, तुम्ही हसू नका. आमच्या खात्यात सगळे हेच करतात. कंपनीला काय फरक पडतो? एवढी मोठी कंपनी. हे सगळं त्यांनी आधीच किमतीत धरलेलं असतं."

"किमतीत धरलेलं असतं, म्हणजे ते भरतं कोण?" वहिनी म्हणाली. "पुढचा पाना घेणारी मीच ना? तुमच्या पक्कडीचं ओझं माझ्या पान्यावर."

"तुम्ही पण ना!" दिरांनी भिंतीवरचा सगळ्यात मोठा पाईप-पाना काढला. तो मामंजींचा होता. दात्यांच्या कडा बोथट झालेल्या, दांड्यावरचा रंग कधीच उडालेला आणि मुठीच्या जागी लोखंड आरशासारखं झालेलं. "हा तर म्युझियममध्ये ठेवायचा झालाय. द्या मला. संध्याकाळच्या आत नवा आणून देतो."

वहिनीनं तो शांतपणे त्यांच्या हातातून घेतला आणि परत खिळ्याला लावला.

"कंपनी काय तुमच्या माहेरची आहे का वहिनी, एवढी काळजी करायला?"

"माहेरची असती तर दोन जास्तीचे मागून आणले असते!"

आता दिरांनाही हसू आवरेना. पण वहिनी पुढे जे बोलली ते हसत नव्हे. "भाऊजी, तुमचं तुम्ही बघा, मी काही न्यायाधीश नाही. मला एवढंच वाटतं, की उद्या माझं एखादं हत्यार खरंच मोडलं तर मी ताठ मानेनं जाऊन मागेन. ती मान मला एका पक्कडीपायी खाली घालायची नाही."

"झिजलं म्हणजे त्याचं काम आपल्या पदरात पडलं," मामंजी रस्त्याकडे बघत म्हणाले. "त्याच्या बदल्यात परत काय मागायचं?"

दिरांनी आपली चकचकीत हत्यारं पिशवीत भरली आणि वर जेवायला निघून गेले. विषय तिथं संपला, असं वहिनीला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यातून बोलावणं आलं. तळघरातल्या पंपाशेजारचा मोठा व्हॉल्व्ह गळत होता आणि वरच्या मजल्यांवर पाणी चढत नव्हतं. तिथले व्हॉल्व्ह थोराड, म्हणून वहिनीनं नुकताच त्याच छापाचा एक नवा मोठा पाईप-पाना विकत घेतला होता. मामंजींच्या पान्यापेक्षा हातभर लांब. तो एक-दोनदाच वापरलेला होता. तरी सवयीनं तिनं जुनाही पिशवीत टाकला.

तळघरात दिव्याचा पिवळा उजेड होता आणि पंपाची घरघर. जुना व्हॉल्व्ह निघाला, नवा बसला. शेवटचा जोड आवळायचा राहिला होता. वहिनीनं पाय रोवले, नव्या पान्याचा जबडा पाईपवर नीट बसवला आणि दांडा ओढला. एक ओढ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओढीला कोरडा, कडक आवाज आला आणि हातातला जोर एकदम पोकळीत गेला. वहिनी मागच्या भिंतीवर आदळली. उजवं मनगट तिच्या अंगाखाली आलं. पान्याचा वरचा जबडा तुटून पंपाच्या पलीकडे जाऊन पडला होता.

क्षणभर ती तशीच बसून राहिली. मनगटातून कळ डोक्यात गेली. वर माणसं पाण्यासाठी खोळंबलेली होती, आजारी माणसं. तिनं डोक्याचा रुमाल काढून मनगटाला गच्च गुंडाळला, दातांनी गाठ मारली आणि मामंजींचा पाना पिशवीतून काढला. बोथट दात्यांचा तो म्हातारा पाईपवर आधी थोडा सरकला. तिनं जबडा जरा तिरका धरून परत बसवला, तसा तो चावला. डाव्या हातानं, कमरेचा जोर लावून, तिनं जोड आवळला. मग व्हॉल्व्ह उघडला. पाईपमधून पाणी वर चढल्याचा आवाज आला. तिनं जोड पुसला आणि बोट लावलं. बोट कोरडं होतं.

मग ती वाकून पंपाच्या मागे गेली, तुटलेला जबडा शोधून काढला आणि टॉर्चखाली धरला. तुटलेली जागा बहुतेक ठिकाणी साखरेसारखी दाणेदार, चकचकीत राखाडी होती. पण एका कडेला नखाएवढा डाग होता. काळा, मंद, जुन्या किटलीच्या आतल्या बाजूसारखा. ताज्या तुटलेल्या लोखंडात काळं कुठून आलं? तिनं दोन्ही तुकडे चिंधीत वेगळे गुंडाळले.

घरी नवऱ्यानं मनगटाला पट्टी बांधली, शिंप्याच्या सफाईनं, कुठेही सुरकुती न ठेवता. "हाड नाही मोडलं," तो म्हणाला, "पण आठवडाभर त्या हाताला काम सांगू नकोस." मामंजींनी चष्मा लावून तुकडे उजेडात धरले. त्यांची बोटं थरथरत होती, म्हणून त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं.

"हा आतून आधीच तडकलेला होता," ते म्हणाले. "झिजलेला नाही हा, मोडलेला आहे. जा आणि माग."

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळीच हत्यारांच्या दुकानात गेली. ती इतकी वर्षं तिथं येत होती, की दुकानदार तिला बघून नेहमी स्वतःहून स्टूल पुढे करायचा. आज त्यानं स्टूल पुढे केलं नाही. चिंधीतले तुकडे त्यानं बोटानंच जरा लोटल्यासारखे केले.

"बाई, आता असं नाही चालत. कंपनीनं आमचे कान उपटलेत. पोतं भरभरून झिजलेला माल परत गेला इथून. आता नीट पारखल्याशिवाय बदलून द्यायचं नाही, असा हुकूम आहे."

"पारखा की. मी तेच म्हणते."

दुकानदार जरा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? त्या पोत्यात निम्मा माल तुमच्याकडचाच होता."

"माझ्याकडचा?"

"तुमचे दीर घेऊन येतात ना. पक्कडी, पाने, स्क्रू-ड्रायव्हर. 'वहिनींच्या वर्कशॉपचं आहे' म्हणतात. मी पण काही विचारलं नाही. म्हटलं, वहिनींकडून आलंय म्हणजे खरंच असणार. आता मात्र मलाच बोलणी बसली."

वहिनीच्या कानामागे तापलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. एक ओळखीचा सुतार होता. तो खिळ्यांच्या खोक्यात एकदम फार लक्ष घालायला लागला.

"आणि हा पाना," दुकानदार पुढे म्हणाला, "दांड्यावर लांब पाईप घालून ओढला असणार. जोर वाढवायला सगळे घालतात. मग मोडणारच."

"मी कधी पाईप घालत नाही."

"सगळे तेच सांगतात बाई."

आवाज चढवावा असं तिच्या मनात आलं. तिनं तो चढवला नाही. दुकानदाराच्या डोक्यामागे भिंतीवर तिच्या पान्याची भावंडं ओळीनं टांगलेली होती, तोच लाल रंग, तीच लांबी.

"कंपनीचं कुणी पारखायला येतं का?"

"तपासनीस येतात. येत्या बुधवारी आहेत."

"मग बुधवारी येते. आणि तोवर हे भिंतीवरचे विकू नका."

"दुकान मी चालवतो का तुम्ही?" दुकानदार म्हणाला. पण तिनं तुकडे उचलताना तिच्या मनगटाची पट्टी त्यानं बघितली आणि हिशेबाच्या वहीत डोकं घातलं.

संध्याकाळी दीर कामावरून आले तेव्हा वहिनी शटर अर्धं ओढून त्यांचीच वाट बघत बसली होती. मामंजी स्टुलावर होतेच.

"भाऊजी, माझ्या वर्कशॉपमधून तुम्ही पोतंभर हत्यारं नेलीत म्हणे. मला तर भिंतीवर सगळी दिसताहेत."

दिरांनी आधी वडिलांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "खात्यातल्या मित्रांची होती. सुरुवातीला एकदा दुकानदारानं खोदून खोदून विचारलं. मग मी तुमचं नाव घेतलं, तर लगेच दिलं. म्हणून मग दर वेळी…"

"माझं नाव म्हणजे काय तुमच्या जुडग्यातली किल्ली आहे, वाटेल ते कुलूप उघडायला?"

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"हे नाव मी बसल्या जागी मिळवलेलं नाही भाऊजी. लोकांच्या मोऱ्यांमध्ये वाकून मिळवलंय. आज त्या दुकानात सुतारानं मला बघून तोंड फिरवलं."

"चुकलं वहिनी," दीर हळूच म्हणाले. आणि मग, काहीतरी करून दाखवावं म्हणून, घाईघाईनं: "मी भरून देतो ना. शहराच्या पलीकडे दुसरं दुकान आहे, तिथं अजून काही विचारत नाहीत. हे तुकडे द्या. उद्या नवा पाना तुमच्या हातात."

"मला पाना मिळाला की संपलं का?" वहिनीनं काळा डाग असलेला तुकडा त्यांच्यासमोर धरला. "याच्यासारखेच भिंतीवर लटकताहेत. उद्या कुणीतरी शिडीवर उभं राहून असाच ओढेल. मी जमिनीवर होते म्हणून मनगटावर भागलं. मला त्यांच्याकडून ऐकायचंय की हा त्यांच्या हातून बिघडला. तोंडानं, सगळ्यांसमोर. मागच्या दारानं आणलेला पाना मला नको."

दीर बराच वेळ तो तुकडा बघत राहिले. त्यांचं स्वतःचं आयुष्य यंत्रांमध्ये गेलेलं. तो डाग काय सांगतोय हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. ते जिना चढून वर गेले. त्या रात्री घरात जेवताना फक्त वाढण्यापुरतं बोलणं झालं.

बुधवारी वहिनीनं भिंतीवरची हत्यारं एकेक करून उतरवली आणि नवऱ्यानं शिवलेल्या जाड कापडाच्या पिशवीत भरली.

"लग्नाला निघाल्यासारखं सगळं घर घेऊन चाललीस," मामंजी म्हणाले. पण बोलता बोलता ते स्वतःही धुतलेला शर्ट घालून तयार झाले होते.

दुकानात पोचल्यावर कळलं, तपासनीस म्हणजे एक बाई होत्या. पिकलेले केस, रुंद खांदे, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या. भट्टीपाशी उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचे हात. दुकानदारानं आपली बाजू सांगितली आणि प्रामाणिकपणे सांगितली; वहिनीच्या तोंडावर जे बोलला होता तेवढंच, त्यात मीठ-मसाला न घालता. बाईंनी ऐकून घेतलं आणि आधी दांडा उचलला. अंगठा वरून खालपर्यंत सावकाश फिरवला.

"पाईप घातल्याची खूण तर नाही," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगायचं तर एखाद्या वेळी घातला तर खूण राहतेच असं नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवू म्हणता?"

"माझ्या शब्दावर कशाला? हे बघा ना."

वहिनीनं डाव्या हातानं पिशवी उघडली आणि हत्यारं काउंटरवर मांडली. मामंजींचा पाईप-पाना, तिचे स्वतःचे दोन लहान, पक्कड, धार लावून लावून बारीक झालेली छन्नी, टक्कल पडलेली कानस. तपासनीस बाई आधी उभ्या होत्या. आता त्यांनी स्टूल ओढून घेतलं. एकेक हत्यार उचलायचं, उजेडाला धरायचं, दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघायचं. मामंजींच्या पान्यापाशी त्या थांबल्या. दात्यांवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सगळे सारखे झिजलेत. एकही दात तुटलेला नाही. आणि दांडा सरळ रेषेत." त्यांनी वर बघितलं. "हे सगळं बदलून हवंय का?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "ही झिजलीत. यांनी माझं काम केलंय, माझ्या आधी मामंजींचं केलंय. यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या एकट्याबद्दल आहे."

"मग बाई, आधी जे तुमच्या नावानं आलं ते?" दुकानदारानं विचारलं. त्यात खोच नव्हती. त्याला खरोखरच उलगडत नव्हतं.

घरातलं घरात ठेवायची तिची सवय. "ते माझं नव्हतं," एवढंच ती म्हणाली.

"मग कुणाचं होतं?"

"माझं."

दारात दीर उभे होते. कारखान्याचे कपडे अंगावर, म्हणजे कामाची पाळी अर्धी टाकून आलेले. ते आत आले आणि वहिनीच्या शेजारी नाही, तर एकटेच काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले.

"ती हत्यारं माझी आणि माझ्या मित्रांची. सगळी झिजलेली होती, मोडलेलं एकही नव्हतं. वहिनींचं नाव मी त्यांना न विचारता घेतलं. त्यांनी तर मला पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं." कान लाल झाले होते, पण आवाज स्पष्ट होता. "मी ती नवी हत्यारं परत आणून द्यायला तयार आहे."

मामंजींनी मुलाकडे बघितलं. रागावले नाहीत. फक्त काठी या हातातून त्या हातात घेतली आणि त्याला उभं राहायला आपल्या शेजारी जागा केली.

"जुनी वितळून गेली," तपासनीस बाई म्हणाल्या. "परत आणून काय करणार? नीट वापरा, आणि झिजली की विकत घ्या." मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि तुटलेला तुकडा इतका जवळ धरला, की नाकाला लागेल. खिळे घ्यायला आलेला सुतार आजही होता, आणि आज तो उघड उघड बघत होता.

"लोखंड घडवताना इथं आत घडी पडली," बाई शेवटी म्हणाल्या. "कपड्याला इस्त्री करताना चुणी दाबली जाते ना, तशी. मग हा भट्टीत गेला आणि त्या घडीत आतून काळा पडला. हा डाग म्हणजे तेच. बाहेरून नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही." त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि वहिनीकडे सरळ बघितलं. "हा तुमच्या हातात आला तेव्हाच अर्धा मोडलेला होता. चूक आमची. तुमच्या मनगटाचं मला वाईट वाटतं."

दुकानदाराला कुणी काही सांगावं लागलं नाही. तो मागे वळला आणि भिंतीवरचे लाल पाने स्वतःच एकेक करून उतरवू लागला. बाईंनी प्रत्येकाचा जबडा भिंगाखाली पाहिला. एकावर त्यांनी खडूनं खूण केली आणि भिंग मामंजींच्या हातात दिलं. त्याच जागी, केसासारखी रेघ.

"हे सगळे माझ्याबरोबर परत जातील," त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्या दुकानांतलेही मागवते."

दुकानदार वहिनीसमोर येऊन उभा राहिला. स्टूल आता त्यानं पुढे केलं. "बाई, मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"तुमचं तरी काय चुकलं?" वहिनी म्हणाली. "रोज झिजलेलं आणून मोडलं म्हणून सांगणारे यायला लागले, की मोडलेलंही खोटं वाटणारच." हे बोलताना तिनं दिरांकडे मुद्दाम बघितलं नाही. त्यांनी ते ऐकलं होतं.

नवा पाना बाईंनी आपल्या गाडीतून आणला, दुसऱ्या खेपेत बनलेला, भिंगाखाली तपासून. मग जरा संकोचून म्हणाल्या, "एक मागू का? तो जुना पाना मला द्याल? बदल्यात हवा तो घ्या. आमच्याकडे कारखान्यात नुसतं मोडलेलं येतं. नीट वापरून झिजलेलं कुणी कधी दाखवायलाच आणत नाही. पोरांना दाखवीन म्हणते, की आपण बनवलेल्या हत्याराचा असाही शेवट होतो."

वहिनीला गंमत वाटली. "शेवट कसला? परवाच दवाखान्याचं पाणी त्यानं चढवलंय. उद्याही कामाला लागेल."

"मग निदान फोटो तरी काढू द्या."

"काढा की."

बाईंनी पाना उजेडात ठेवून फोटो काढले. फोटो म्हटल्यावर मामंजींनी खिशातला कंगवा काढून केस बसवले आणि हळूच पान्याच्या शेजारी सरकले. बाईंनी त्यांनाही घेतलं.

"या कोण तुमच्या? मुलगी?" बाईंनी विचारलं.

"सून," मामंजी म्हणाले. मग हे पुरेसं झालं नाही असं वाटून त्यांनी काठी जमिनीवर टेकवली आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणि आमच्या घरातली मिस्त्री. मी आटे शिकवले. बाकीचं तिचं तिनं."

वहिनी हत्यारं पिशवीत भरायला लागली होती. ती भरतच राहिली, फक्त पक्कड दोनदा आत ठेवली आणि दोनदा बाहेर काढली. सुतार पुढे झाला आणि म्हणाला, "वहिनी, आमच्या नव्या घराच्या पाईपांचं बघायचं होतं. सवडीनं या." एवढं बोलून तो खिळे तिथंच विसरून गेला.

पिशवी दिरांनी उचलली. रस्त्यानं तिघं सावकाश चालले, मामंजींच्या पावलानं.

"पाळी बुडवलीत?" वहिनीनं विचारलं.

"अर्धी."

"बोलणी बसतील."

"बसू देत. खात्यातले मित्र आधीच हसताहेत. म्हणे, राजा हरिश्चंद्र." दिरांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "वहिनी, तिथं आत यायच्या आधी मी दाराबाहेर किती वेळ उभा होतो, तुम्हाला कल्पना नाही."

"आत आलात ना. मला तेवढं पुष्कळ आहे," ती म्हणाली. "मला तुमचा अभिमान वाटला भाऊजी. लगेच हवेत जाऊ नका, पण वाटला."

दीर हवेत गेले नाहीत. मात्र चालता चालता त्यांची पाठ सरळ झाली, पिशवी तेवढीच जड असूनही.

घरी आल्यावर वहिनीनं शटर पूर्ण वर केलं. नवा पाना तिनं भिंतीवर लावला नाही. टाकाऊ पाईपचा एक जाड तुकडा वाइसमध्ये आवळला, पान्याचा जबडा त्याच्यावर बसवला आणि दिरांना म्हणाली, "माझ्या या हाताला अजून काम सांगायचं नाही. तुम्ही ओढा. दया-माया न दाखवता."

"मोडला तर?"

"मोडला तर इथं मोडू दे. लोकांच्या घरात नको."

दिरांनी बाह्या सरसावल्या आणि ओढलं. वाइस करकरला, टेबल जागचं हाललं. वहिनी कान जबड्याच्या जवळ नेऊन ऐकत होती, मामंजी स्टुलावरून "आणखी, आणखी" म्हणत होते. दीर घामाघूम झाले. शेवटी वाइसमधला पाईपच चेपला. पाना जसाच्या तसा होता.

वहिनीनं तो सोडवून घेतला, जबडा पुसला, उजेडाला धरून सगळ्या बाजूंनी बघितला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता दुसऱ्या बाजूनं ओढा."